बदली रेक कुठून येतो?

सोलापूर स्टेशनात गाडी शिरताना खिडकीतून पाहिले, की बाजूच्या रुळांवर रिकामे डबे उभे दिसतात. काही निळे, काही लाल-करडे. आणि एखाद्या दिवशी मोबाइलवर संदेश येतो, की तुमची गाडी तांत्रिक कारणाने रद्द झाली आहे, किंवा तिच्याऐवजी दुसऱ्या डब्यांची गाडी धावेल, तीही उशिरा. जुळे सोलापुरातून भल्या पहाटे रिक्षा करून, आसरा पूल ओलांडून स्टेशन गाठलेल्या माणसाला साहजिकच वाटते, की एवढे डबे रिकामे पडलेत, त्यातलेच जोडून का नाही आणत?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला निघालो, तर डब्यांच्या कड्यांपासून भोर घाटाच्या चढापर्यंत आणि मुंबईच्या मोनोरेलपासून सोलापूरच्या सिटी बसपर्यंत जावे लागते.

गाडी वेगळी, रेक वेगळा

रेल्वेच्या दृष्टीने गाडी म्हणजे एक क्रमांक, एक नाव आणि एक वेळ. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापुरातून सुटून पुण्याला जाईल, हे प्रवाशांना दिलेले वचन. ते पाळण्यासाठी जी डब्यांची माळ रुळावर आणून उभी करतात, तिला रेक म्हणतात. गाडीचे नाव वेळापत्रकात कायम राहते. रेक मात्र दिवसभरात नावे बदलत फिरतो.

मुंबईहून पहाटे निघालेली इंद्रायणी पुण्यात पोहोचली, की तिचा रेक विसावा घेत नाही. तोच पुणे-सोलापूर इंटरसिटी होऊन दुपारी सोलापुरात येतो, थोड्या वेळात परत फिरतो आणि संध्याकाळी पुण्याहून पुन्हा इंद्रायणी म्हणून मुंबईला जातो. रेक एक, गाड्या चार. सकाळी लोणावळ्याजवळ झालेल्या खोळंब्याचा त्रास दुपारी कुर्डुवाडीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला का होतो, ते यावरून कळते. ‘पेअरिंग गाडी विलंबाने आल्यामुळे’ ही स्टेशनवरची घोषणा याच नात्याबद्दल बोलत असते.

म्हणजे यार्डात रिकामा दिसणारा रेक बहुतेक वेळा मोकळा नसतो. तो आपल्या पुढच्या गाडीची वाट पाहत असतो, किंवा धुण्या-तपासण्यासाठी पिट लाइनवर जायचा असतो. (पिट लाइन म्हणजे खाली खड्डा असलेला रूळ. त्या खड्ड्यात उतरून कर्मचारी चाके, ब्रेक आणि स्प्रिंगा तपासतात.) काही डबे तर ‘सिक’ असतात. बिघडलेल्या डब्याला रेल्वेतली माणसे आजारी म्हणतात आणि त्याला सिक लाइनला लावतात. खरोखर मोकळे, धडधाकट आणि तपासलेले डबे फार थोडे असतात. ते मुद्दाम राखून ठेवावे लागतात. त्यांनाच स्पेअर म्हणायचे.

एका रेकवर तोललेली वंदे भारत

मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारतही निघाली. सोलापूरची गाडी सुरू झाली तेव्हा १६ डब्यांची होती आणि तिचे वेळापत्रक असे होते: सोलापुरातून सकाळी ६.०५ ला निघायचे, दुपारी १२.३५ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायचे, दुपारी ४.०५ ला परत फिरायचे आणि रात्री १०.४० ला सोलापुरात यायचे. आठवड्यातले सहा दिवस. सोलापुरातून गुरुवारी सुट्टी, मुंबईतून बुधवारी.

दोन टोकांना सुट्टीचे वार वेगळे का, याचे कोडे अनेकांना पडले असेल. रेकच्या बाजूने पाहिले, की ते सुटते. बुधवारी सकाळी रेक सोलापुरातून निघतो, दुपारी मुंबईत पोहोचतो आणि त्या संध्याकाळी परत फिरत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी सोलापुरात गाडीच नसते. रेक गुरुवारी दुपारी मुंबईहून निघतो. बुधवार दुपारी १२.३५ ते गुरुवार दुपारी ४.०५, म्हणजे साडेसत्तावीस तास तो एका जागी असतो. देखभालीसाठी आठवड्यात मिळणारा हा सर्वात मोठा अवधी. बाकीचे दिवस तो रोज जवळजवळ ९०० किलोमीटर धावतो.

या रचनेत एकाच रेकवर दोन्ही बाजूंच्या गाड्या चालतात. तो सिक झाला, तर जाणारी आणि येणारी अशा दोन्ही गाड्या एकदम बुडतात. जिथे एकाच प्रकारचे वीस रेक फिरतात, तिथे एकाने दगा दिला तर विसावा भाग कमी होतो. एकच रेक असेल, तर सगळेच जाते. नव्या, देखण्या, थोड्या संख्येने आलेल्या गाड्यांची ही मोठी दुखरी बाजू आहे आणि उद्घाटनाच्या भाषणांत तिचा उल्लेख कधी होत नाही.

डबा डब्याला का लागत नाही

आता त्या रिकाम्या डब्यांकडे वळू. घरातला उभा टिफिन आठवा: एकावर एक डबे आणि बाजूने कडी. शेजारणीच्या टिफिनचा डबा आपल्या कडीत बसवून पाहिला, की कळते. व्यास जवळजवळ तोच, पण खाच वेगळी, उंची दोन बोटे कमी-जास्त. रेल्वेच्या डब्यांचे तसेच आहे. फरक एवढाच, की इथे जुळावे लागणारे भाग चार-पाच आहेत.

पहिला भाग जोडणीचा. भारतात प्रवासी डब्यांची मुख्य दोन घराणी आहेत. जुने निळे डबे आयसीएफ पद्धतीचे. चेन्नईतल्या पेरांबूर कारखान्यात १९५५ पासून ते बनत होते आणि २०१८ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले. दुसरे लाल-करडे एलएचबी डबे. मूळ जर्मन आराखड्याचे हे डबे या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्याकडे आले. आयसीएफची पारंपरिक जोडणी म्हणजे मधे स्क्रूने आवळायची साखळी आणि दोन बाजूंना धक्का झेलणारे बफर. एलएचबीत मधोमध एकच दणकट कपलर, जो खेचतोही आणि धक्काही झेलतो. वंदे भारत या दोन्हींपेक्षा निराळी. तिच्या आतल्या डब्यांची जोडणी जवळजवळ कायमची असते आणि ती फक्त कार्यशाळेत सोडवतात. त्यामुळे बिघडलेला एक डबा काढून दुसरा लावणे, ही साध्या गाडीत तास-दोन तासांत उरकणारी गोष्ट तिथे करता येत नाही. एक डबा सिक झाला, की सगळी गाडी सिक.

दुसरा भाग विजेचा. आयसीएफचा डबा आपल्या दिव्या-पंख्यांची वीज स्वतःच्या चाकांच्या फिरण्यातून बनवतो आणि बॅटरीत साठवतो. एलएचबीला वीज एका टोकाकडून संपूर्ण गाडीभर पुरवावी लागते. ती डिझेल जनरेटरच्या डब्यातून येते किंवा विजेच्या इंजिनातून. इंजिनातून घ्यायची, तर इंजिन त्या सोयीचे हवे. डबे हाताशी आहेत, इंजिनही आहे, पण ते वीज पुरवणारे नाही आणि जनरेटरचा डबा दुसऱ्या गावी आहे, अशी वेळ आली तर वातानुकूलित गाडी निघूच शकत नाही. काचा बंद असलेल्या डब्यात एप्रिलच्या उन्हात सोलापूर ते दौंड माणसे बसवता येत नाहीत.

तिसरा भाग आसनांचा. १६ डब्यांच्या वंदे भारतमध्ये १,१२८ आसने. त्यांतली १०४ एक्झिक्युटिव्ह वर्गाची आणि १,०२४ चेअर कारची. चेअर कारचे १२ डबे ७८ आसनांचे, आणि दोन्ही टोकांच्या डब्यांत चालकाची केबिन असल्यामुळे तिथे ४४-४४. एलएचबीच्या वातानुकूलित चेअर कारमध्येही ७८ आसने बसतात. त्यामुळे बदली म्हणून शताब्दी किंवा तेजसच्या धाटणीचा रेक मिळाला, तर बहुतेक प्रवाशांना तोच आसन क्रमांक देता येतो. स्लीपरचे डबे मिळाले, तर आरक्षणाचा सगळा तक्ता नव्याने मांडावा लागतो. मग पती एका डब्यात आणि पत्नी-मुले दुसऱ्या, अशी वाटणी होते. गाडीत जो वाद पेटतो तो बहुधा यावरूनच, आणि त्याला तोंड द्यावे लागते ते टीटीईला. त्याचा यात काही दोष नसतो.

लांबीचा प्रश्नही आहेच. एलएचबीचा डबा आयसीएफपेक्षा सुमारे दोन मीटरने लांब. मोठ्या गाडीत हा फरक वाढत वाढत दोन डब्यांएवढा होतो आणि शेवटचे डबे फलाटाबाहेर राहतात.

भोर घाटाची अट

देशात इतरत्र हा हिशेब इथेच संपला असता. सोलापूर-मुंबई मार्गावर मात्र मध्ये सह्याद्री आहे.

कर्जत ते लोणावळा हा भोर घाट १:३७ चढाचा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले, की गाडी १ मीटर वर चढते. डोळ्यांना हा चढ फारसा जाणवत नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना पकड थोडी असते आणि रेल्वेच्या मोजमापात हा चढ भयंकर मानला जातो. साध्या गाडीत सगळी ओढ पुढच्या इंजिनाची. भरलेला रेक या चढावर नेताना पुढचे इंजिन घसरू नये, आणि जोडण्यांवर अति ताण येऊन त्या तुटू नयेत, म्हणून कर्जतला मागून बँकर लावतात. बँकर म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने. ती लावायला वेळ लागतो आणि लोणावळ्याला ती काढावी लागतात.

वंदे भारतला वेगळे इंजिनच नाही. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. ओढण्याचे काम गाडीभर विखुरलेल्या चाकांत वाटले जाते. त्यामुळे ती बँकरशिवाय घाट चढते. मुंबई-दिल्ली राजधानी कसारा घाटातून न्यायची ठरली, तेव्हा रेल्वेने याच अडचणीवर दुसरा उपाय काढला आणि गाडीच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावले.

आता बदली रेकचा विचार करा. त्याच वेळेला, त्याच क्रमांकाने एलएचबीचा रेक निघाला, तरी मुंबईहून येताना त्याला कर्जतला थांबावेच लागणार. वंदे भारतचे वेळापत्रक या थांब्याशिवाय बांधलेले आहे. मिनिटे घाटात जातात, गाडी आपला ठरलेला मार्ग हुकवते आणि पुढे पुण्याच्या उपनगरी गर्दीत तिला बाजूला उभे राहावे लागते. बदली गाडी ‘उशिरा’ धावते ती बऱ्याचदा या कारणाने. कर्मचाऱ्यांनी ढिलाई केली, असा अर्थ प्रवासी काढतात. तो या बाबतीत तरी अन्यायाचा आहे.

रात्री पावणेअकरा ते सकाळी सहा

समजा, वंदे भारत रात्री सोलापुरात आली आणि तपासणीत एका मोटारीचे बेअरिंग तापल्याचे आढळले. सुटायला जेमतेम साडेसात तास आहेत. मंडलाच्या कंट्रोल रूममधला माणूस काय काय पाहील?

सिद्धेश्वर एक्सप्रेसचा मुंबईला जाणारा रेक नुकताच, साडेदहाच्या सुमारास निघून गेलेला असतो. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर पोहोचते ती सकाळी पावणेसातच्या आसपास, म्हणजे वंदे भारतची वेळ टळून गेल्यावर. तिचेच डबे घेऊन गाडी उशिरा सोडली, तर ती दुपारनंतर मुंबईत जाईल आणि परत यायला रात्रीचे अकरा वाजून जातील. मग त्या रात्रीच्या सिद्धेश्वरला रेक कुठला? एकीचे दुखणे दुसरीला लागते.

हुतात्माचा रेक रात्री सोलापुरात मुक्कामाला असतो. तो वापरला तर हुतात्माच्या प्रवाशांना गाडी नाही. आणि पुण्याला नोकरी-शिक्षणासाठी जाणारे, न्यायालयाची तारीख गाठणारे, दवाखान्यात जाणारे लोक हुतात्माने जातात. वंदे भारतचे तिकीट परवडणाऱ्या प्रवाशासाठी त्यांची गाडी काढून घेणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

मग उरतो तुकड्यांचा मार्ग. पुण्यापर्यंतचे प्रवासी हुतात्माला जादा डबे जोडून पाठवायचे आणि मुंबईच्या प्रवाशांना पुण्यातून मुंबईला जाणाऱ्या अनेक गाड्यांत सामावून घ्यायचे. अख्खी गाडी बदलून देता येत नसेल, तर प्रवास बदलून द्यायचा. कागदावर ही व्यवस्था कमी रुबाबदार दिसते, पण माणसे दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचतात.

रेक मिळाला तरी दोन गोष्टी लागतात. एक, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे या रेकचे ब्रेक तपासले आणि ते धड आहेत असा लेखी दाखला. त्याशिवाय गाडी हलत नाही. दोन, त्या प्रकारचे इंजिन आणि तो मार्ग दोन्ही जाणणारा लोको पायलट. वंदे भारत चालवण्याचे प्रशिक्षण निराळे, मालवाहू इंजिनाचे निराळे. शिवाय कुठे चढ आहे, कुठला सिग्नल वळणाआड आहे हे त्या मार्गावर प्रत्यक्ष फिरून शिकावे लागते. दौंडपर्यंतचा मार्ग पाठ असलेला चालक घाटात गाडी नेऊ शकेलच असे नाही.

हे सगळे जुळून आल्याचे उदाहरण ८ ऑक्टोबर २०२२ चे. दिल्लीहून वाराणसीला निघालेल्या वंदे भारतच्या एका मोटारीचे बेअरिंग वाटेत जाम झाले, चाक रुळावर घासत गेले आणि त्याचा गोलावा एका जागी सपाट झाला. गाडी हळूहळू खुर्जा स्टेशनापर्यंत आणली आणि दिल्लीहून मागवलेल्या शताब्दीच्या रेकमध्ये प्रवाशांना बसवून पुढे पाठवले. बदली रेक काही तासांत आला, कारण दिल्लीत शताब्दीचे बरेच रेक मुक्कामाला असतात आणि ते एकमेकांच्या जागी चालतात. हीच घटना जेऊर-पारेवाडी भागात घडली, तर मदतीचा तसा रेक पुणे-मुंबईकडूनच यावा लागेल.

चौकट: बदली गाडी लागली तर

• रेल्वेने गाडी रद्द केली, तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात.
• गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण परतावा मिळू शकतो. त्यासाठी गाडी सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो.
• खालच्या वर्गाच्या डब्यातून प्रवास करावा लागला किंवा वातानुकूलन बंद पडले, तर भाड्यातला फरक मागता येतो. त्यासाठी गाडीतच टीटीईकडून दाखला मागून घ्या.
• डब्याचा क्रमांक बदललेला असू शकतो. निघण्यापूर्वी संदेश आणि स्टेशनवरचा तक्ता पाहा.

एक बिघडली, की सगळ्याच?

इथवर एका गाडीचे दुखणे पाहिले. एका प्रकारच्या सगळ्याच गाड्या एका दिवसात बाजूला काढाव्या लागतात, तेव्हा संकटाचे स्वरूप बदलते.

ब्रिटनमध्ये ८ मे २०२१ ला हे घडले. लंडनहून ब्रिस्टल, कार्डिफकडे जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ताफ्यात एकाच घराण्याच्या ९३ गाड्या होत्या. डब्याचा सांगाडा कार्यशाळेत जॅकने उचलण्यासाठी खाली ज्या जाड पट्ट्या असतात, तिथे काही गाड्यांत तडे सापडले. सगळ्या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या आणि त्याच घराण्याच्या गाड्या चालवणाऱ्या इतर कंपन्यांनाही तेच करावे लागले.

काही गाड्यांत तडा दिसला, तर सगळ्या का थांबवायच्या? कारण तडा अपघाताने पडला की आराखड्यामुळे, हे सुरुवातीला माहीत नसते. धावत्या गाडीच्या प्रत्येक भागावर दर हिसक्याला ताण येतो आणि सैल होतो. हे लाखो वेळा घडले, की धातू थकतो. कुठेतरी केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक हिसक्याला ती किंचित वाढते. बराच काळ ती सावकाश वाढते, मग एका टप्प्यानंतर झपाट्याने. ब्रिटनमधल्या उचलपट्ट्यांचे तडे याहून थोडे वेगळे होते. तिथे वेल्डिंगमुळे अल्युमिनियमच्या मिश्रधातूत ताण अडकून राहिला होता आणि दमट हवेने त्याला पोखरले. दोन्ही प्रकारांत मूळ प्रश्न एकच असतो: तडा किती वेगाने वाढतो? वेग माहीत नसेल, तर एकही गाडी सोडता येत नाही. वेग माहीत झाला, की दोन तपासण्यांमध्ये तडा धोक्याच्या लांबीपर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर ठरवून गाड्या पुन्हा चालवता येतात. ब्रिटनच्या गाड्या काही दिवसांतच परतल्या, त्या अशाच: तडे कायमचे दुरुस्त होण्याआधी, पण डेपोतून निघण्यापूर्वी तपासणीची अट घालून.

त्या मधल्या दिवसांत ग्रेट वेस्टर्नने उपनगरी मार्गावरच्या विजेच्या गाड्या लांब मार्गावर आणल्या, दुसऱ्या कंपनीकडून गाड्या उसन्या घेतल्या आणि आपली तिकिटे इतर कंपन्यांच्या गाड्यांत चालतील अशी सोय केली. पण ब्रिस्टलच्या मुख्य स्टेशनापर्यंत विजेची तार नाही. थांबवलेल्या गाड्या वीज आणि डिझेल दोन्हींवर चालणाऱ्या होत्या, बदली गाड्या फक्त विजेवरच्या. म्हणून त्या तार जिथे संपते तिथेच थांबल्या. आपल्याकडे घाट आडवा येतो, तिथे तार.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या मेट्रोत, त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला एक गाडी घसरली. अक्षावर दाबून बसवलेली चाके बाहेरच्या बाजूला सरकत होती आणि हा दोष त्या मालिकेतल्या इतर डब्यांतही सापडला. ७४८ डबे, म्हणजे ताफ्याचे जवळजवळ ६० टक्के, एकदम बाजूला काढले. तिथे बदली डबे आणायचे कुठून? उरलेल्या जुन्या डब्यांवरच वेळापत्रक विरळ केले.

विरळ करण्याचे गणित सोपे आहे. जाऊन-येऊन फेरीला दोन तास लागत असतील आणि दर १५ मिनिटांनी गाडी हवी असेल, तर आठ रेक लागतात. पाच काढून घेतले आणि तीन उरले, तर गाडी ४० मिनिटांनी येते. पण त्रास या आकड्यापेक्षा वाढतो. प्रत्येक गाडीला आता अडीचपटीहून अधिक माणसे चढायची असतात, दारे बंद होत नाहीत, प्रत्येक स्टेशनात दोन मिनिटे जास्त जातात आणि दोन तासांची फेरी अडीच तासांची होते. म्हणजे तीन रेकमध्ये ४० मिनिटांचे अंतरही टिकत नाही. म्हणून जाणकार नियोजक अशा वेळी जाहीर करायचे अंतर मुद्दाम थोडे जास्त ठेवतात. ५० मिनिटांनी नक्की येणारी गाडी ही ४० मिनिटांनी येईल म्हणून सांगून ५५ मिनिटांनी येणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी बरी.

जुने मोडीत काढण्याची घाई

नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्यात डिसेंबर २०१२ मध्ये ‘फायरा’ नावाची वेगवान गाडी सुरू झाली. तिच्या आगमनासाठी ब्रुसेल्सपर्यंतची जुनी, इंजिनाने ओढली जाणारी गाडी बंद केली होती. बर्फात नव्या गाड्यांचे भाग सुटून पडू लागले आणि जानेवारी २०१३ मध्ये, सव्वा महिन्यात, फायरा थांबली. ती पुन्हा धावलीच नाही. दोन राजधान्यांना जोडणारी थेट गाडी मोडली गेली होती. फेब्रुवारीत जुन्याच धाटणीची इंजिन-डब्यांची गाडी आधी हेग ते ब्रुसेल्स अशी परत आणावी लागली. ती आणता आली, कारण जुने डबे अजून भंगारात गेले नव्हते.

नवी गाडी आली, की जुनी लगेच काढून टाकण्याचा मोह सगळीकडे असतो. जुनीला पिट लाइन लागते, माणसे लागतात, सुटे भाग लागतात. पण नव्या गाडीचे पहिले दोन-तीन पावसाळे आणि उन्हाळे जाईपर्यंत जुनी तयार ठेवणे हा तिच्या खर्चाचाच भाग धरायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

जिथे दुसरे काही चालतच नाही

महाराष्ट्रातले सर्वात बोलके उदाहरण मुंबईच्या मोनोरेलचे. चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक, सुमारे २० किलोमीटर. पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. परदेशी बनावटीचे मोजके रेक आणि सुट्या भागांची टंचाई ही दुखणी तिला सुरुवातीपासून होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये मैसूर कॉलनीजवळ डब्यांना आग लागली आणि सेवा सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद राहिली.

मग आला १९ ऑगस्ट २०२५. मुसळधार पावसाने हार्बरच्या लोकल थांबल्या आणि ती गर्दी मोनोरेलकडे वळली. त्या संध्याकाळी मोनोरेल स्वतःच बदली गाडी झाली होती. १०४ टनांसाठी बनवलेल्या गाडीचे वजन १०९ टनांवर गेले, वीज घेणारा भाग आणि वाहिनी यांचा संपर्क तुटला आणि गाडी मैसूर कॉलनी व भक्ती पार्क यांच्या मध्ये, उंचावर, अंधारात थांबली. ५८२ प्रवाशांना शिड्या लावून उतरवावे लागले. महिन्याभरात, २० सप्टेंबरपासून, नवे रेक आणि नवी यंत्रणा बसवण्यासाठी संपूर्ण सेवा थांबवली.

रेल्वेच्या रुळावर शताब्दी, पॅसेंजर, मालगाडी, काहीही आणता येते. मोनोरेलच्या एकाच तुळईवर तिच्याच मापाचा रेक चालतो, दुसरा नाही. त्यामुळे तिथे ताफा काढणे म्हणजे मार्गच बंद करणे, आणि बदली सोय म्हणजे खाली रस्त्यावरची बस. आपल्या शहरासाठी कोणती नवी वाहतूक घ्यावी यावर जेव्हा चर्चा होते, तेव्हा वेग आणि किंमत विचारतात. ‘हिच्या जागी दुसरे काय चालेल?’ हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आपल्या गावची बस

सोलापूरकरांना हे दूरचे वाटू नये. जेएनएनयूआरएम योजनेतून महापालिकेच्या परिवहन उपक्रमाला नव्या बस मिळाल्या, तेव्हा सात रस्त्याचा डेपो भरला होता. त्यांतल्या शंभराच्या आसपास ‘जनबस’ प्रकारच्या गाड्यांच्या चेसीला तडे गेल्याचे आढळले आणि त्या रस्त्यावरून काढाव्या लागल्या. वाद लवादापर्यंत गेला, गाड्या उभ्याच राहिल्या. एका प्रकारच्या गाड्या मोठ्या संख्येने, एकाच वेळी घेतलेल्या, आणि मागे राखीव काही नाही. ब्रिटनच्या रेल्वेला जे काही दिवस सोसावे लागले, ते सोलापूरच्या सिटी बसने वर्षानुवर्षे सोसले.

जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रस्त्याचा परिसर याच काळात झपाट्याने वाढला. तिथल्या माणसाने बसची वाट पाहिली, मग शेअर रिक्षा पकडली, मग हप्त्यावर दुचाकी घेतली. बदली सेवेचे हे एक कठोर सत्य आहे: ती काही दिवसांत आली नाही, तर प्रवासी स्वतःची सोय करतो आणि सहसा परत येत नाही. नंतर नव्या बस आणल्या तरी त्या रिकाम्या धावतात आणि मग तोट्याचे कारण दाखवून त्याही कमी होतात. दुचाकी चालवता न येणारे म्हातारे, शाळेची मुले आणि कामावर जाणाऱ्या बायका मात्र थांब्यावर उभ्याच राहतात.

रेल्वेच्या सल्लागार समित्यांच्या बैठकांत आपली मंडळी नवे थांबे आणि नव्या गाड्या मागतात. ती मागणी योग्यच आहे. तिच्या जोडीला आणखी काही गोष्टी विचारता येतील. वंदे भारत सोलापुरात आजारी पडली, तर तिच्या जागी कोणता रेक लावायचा हे आधी ठरलेले आहे का? चेअर कारचे किती डबे सोलापूर-पुणे पट्ट्यात राखीव आहेत? तशी गाडी घाटातून नेऊ शकणारे किती लोको पायलट रात्री उपलब्ध असतात? आणि बुधवार-गुरुवारच्या त्या साडेसत्तावीस तासांत रेकवर जे काम होते, त्यातले किती काम सोलापूरच्या पिट लाइनवर रात्रीच्या साडेसात तासांत करता येईल, त्यासाठी कोणती यंत्रे आणि किती माणसे लागतील?